पालथ्या तांब्यावरचं फुलपात्र

कराडच्या स्टेशनवर गाडी सुटायला आली तेव्हा बाबांनी खिडकीच्या गजांतून माझ्या हातात एक पितळी फुलपात्र दिलं. माझं लग्न होऊन आठवडाही झाला नव्हता. शेजारी बसलेले तुमचे आजोबा मला तसे अनोळखीच होते आणि दिल्ली तर त्याहूनही. आई पदर तोंडाला लावून उभी होती. बाबा म्हणाले, "तांब्या तिकडे मिळेल. फुलपात्र घरचं असू दे." गाडी हलली. आजोबांना वाटलं, प्रवासात पाणी प्यायला दिलं असेल. मीही त्यांचा समज तसाच राहू दिला.

ओवी, निहार, ते फुलपात्र तुम्ही दोघांनी पाहिलं आहे. दिल्लीतल्या द्वारकेच्या घरात माझ्या पलंगाजवळच्या स्टुलावर तांब्या पालथा घातलेला असतो आणि त्याच्या बुडावर, अगदी कडेला, हे फुलपात्र पालथं ठेवलेलं असतं. लहानपणी तुम्ही त्याला "आजीचा अलार्म" म्हणायचात. तो कशासाठी आहे, हे मात्र तुम्हाला कुणी नीट सांगितलं नाही. तुमच्या बाबांचं, मंदारचं, म्हणणं होतं की मुलांना नको ते कशाला सांगायचं. आता सांगायची वेळ आली आहे. सगळं क्रमानं लिहिते.

आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात. मी आठ वर्षांची असताना एका पहाटे भूकंप झाला आणि आमचं दगडमातीचं घर बसलं. आई, बाबा आणि मी बाहेर आलो. माझी मोठी बहीण, अक्का, आली नाही. मला एक बहीण होती, हे तुम्ही आज पहिल्यांदा वाचत असाल. ती माझी वेणी फार घट्ट घालायची आणि मी ओरडले की म्हणायची, "सैल घातली तर शाळेत पोचेपर्यंत सुटेल."

त्यानंतर सारं गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलं. जमीन अधूनमधून हलतच होती. मी झोपायला तयार नसायचे, म्हणून बाबांनी ही युक्ती काढली. म्हणाले, "आता तू जागायचं काही कारण नाही. जागायचं काम या फुलपात्राचं." जमीन हलून ते खाली पडलं, खणखणलं की सगळे उठून बाहेर यायचे. हादरा थांबला की बाबा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "झालं गं, झालं. धरणीनं कूस बदलली." मग कुणीतरी चूल पेटवायचं, गुळाचा चहा व्हायचा आणि म्हातारी माणसं एकमेकांची टर उडवायची. "रामा, तू पळालास तेव्हा धोतर कुठं होतं रं?"

खोटं वाटेल, पण मला पडलेल्या घरापेक्षा त्या शेडची आठवण जास्त येते. पत्र्यावरून दव ठिबकायचं, त्याचा आवाज. एका ओळीत अंथरलेल्या गावच्या वाकळा. कडू आठवणीला अशी गोड कड असू शकते, हे मला फार उशिरा उमगलं.

पुढे मामांनी मला साताऱ्याला इंग्रजी शाळेत घातलं. मी शिकले, भाषा बदलली, राहणी बदलली. तरी दाराला कडी घालून मला झोप येत नसे आणि वर्गात मी दाराजवळचाच बाक धरत असे. बाई विचारायच्या, तेव्हा मी सांगायचे की तिथे वारा चांगला येतो.

दिल्लीत आम्हाला सरोजिनी नगरात सरकारी क्वार्टर मिळालं. मी बाजारातून तांब्या आणला आणि पहिल्याच रात्री त्यावर फुलपात्र ठेवलं. आजोबा हसले, पण हलवलं नाही. मग एका जानेवारीत, भल्या सकाळी, धुकं इतकं की समोरचं कडुनिंबाचं झाड दिसेना, तेव्हा फुलपात्र पडलं. मी दोन वर्षांच्या मंदारला शालीत गुंडाळून अनवाणी खाली धावले आणि "भूकंप! बाहेर या!" असं मराठीतच ओरडत सुटले. 'भूकंप' सोडून बाकी शब्द कळले नाहीत तरी भीती सगळ्यांना कळली असावी. सारा ब्लॉक रजया पांघरून मैदानात उभा राहिला. तेवढ्यात आमच्या खिडकीतून एक मांजर शांतपणे बाहेर पडलं.

वरच्या मजल्यावरचे सरदारजी म्हणाले, "भाभीजी, ये बिल्ली तो रोज़ आती है. रोज़ निकलना पड़ेगा क्या?" हशा पिकला. आजोबा पुटपुटले, "आता ऑफिसात काय तोंड दाखवू?"

फक्त शेजारच्या बीजी हसल्या नाहीत. फाळणीच्या वेळी लहानपणीच सीमेपलीकडून आलेल्या त्या पंजाबी बाई. बाकी सगळे स्लिपरही न घालता आले होते. बीजींच्या पायांत मात्र नीट बूट होते आणि काखेत पोटली. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तू कहाँ से उजड़के आयी है, बेटी?"

मी म्हटलं, "हमारे यहाँ ज़मीन हिली थी."

"हमारी भी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला आत नेऊन पोटली सोडून दाखवली. गूळ, फुटाणे, एक शाल. ती पोटली कायम त्यांच्या पलंगाखाली असायची. "और मेरी बेटी को देख," त्या म्हणाल्या, "यहीं दिल्ली में पैदा हुई. उसके पलंग के नीचे भी पोटली है. उसने क्या देखा था?" त्यांनी आल्याचा चहा केला. दिल्लीत मला घरच्यासारखं वाटलं ते त्या सकाळी प्रथम.

बीजींच्या त्या प्रश्नाचं उत्तर इतक्या वर्षांनी तुझ्याकडून आलं, ओवी. निहारनं कॅनडाहून व्हिडिओ कॉलवर चहाडी केली होती, "आजी, दीदीच्या होस्टेलच्या रूममध्ये पण तुझा अलार्म आहे. बिल्कुल सेम! पाण्याच्या बाटलीवर स्टीलचा ग्लास!" तू त्याला गप्प केलंस. दुसऱ्या दिवशी तू एकटीनंच फोन केलास. रात्री दचकून जाग येते, छाती धडधडते, लेक्चरला दाराजवळ जागा नसेल तर परत फिरते, असं सगळं सांगितलंस. मग तुमच्या वर्गात शिकवलेलं सांगितलंस, की लहानपणी बसलेला धक्का माणसाच्या जीन्सवर, म्हणजे जनुकांवर, खुणा ठेवून जातो. अक्षरं तीच राहतात, पण कुठलं पान उघडायचं आणि कुठलं मिटलेलं ठेवायचं ते बदलतं. म्हातारपणापर्यंत शरीर त्या खुणांप्रमाणे वागत राहतं. कदाचित पुढच्या पिढीतही काही उतरत असेल.

"म्हणजे हे माझ्यात आधीपासूनच आहे," तू म्हणालीस. "मग काउन्सेलरकडे जाऊन काय उपयोग? मी जाणं बंद केलंय. सेमिस्टर सोडून परत यावं म्हणते."

त्या दिवशी मी फोन ठेवला. आपण नातीला काय दिलं, याचा विचार करत मी कितीतरी वेळ बाल्कनीत बसून उतरणारी विमानं पाहत राहिले. पण मला काम अर्धवट सोडायची सवय नाही. पुढच्या रविवारी मीच तुला फोन लावला. "या खुणा पुसल्या जातात का?"

"काही बदलतात, आजी. माणसांमध्ये अजून बरंच नक्की व्हायचंय. पण उंदरांच्या ज्या पिल्लांना आई खूप चाटते ना, ती मोठेपणी कमी दचकतात. त्याच्याही खुणा राहतात."

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"यार आजी, मला ते तेव्हा आठवलंच नाही."

भ्यायलेल्या माणसाला गोष्ट अर्धीच ऐकू येते, ओवी. मीही आयुष्यभर अर्धीच सांगत आले. अलार्म तेवढा तुमच्यासमोर ठेवला आणि तो वाजल्यानंतर माझे बाबा काय करायचे, ते सांगायचं राहून गेलं.

गेल्या महिन्यात सकाळी दिल्लीत धक्का बसला. सातव्या मजल्यावर पंखा झुलला, फुलपात्र खाली पडून पलंगाखाली घरंगळलं. आजोबा गेल्यापासून घरात मी एकटीच. पलंगावरून उठायच्या आधी माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "झालं गं, झालं. धरणीनं कूस बदलली." आवाज माझाच होता, हेल बाबांचा. मग मी चपला घातल्या, गॅस बंद केला आणि जिन्यानं खाली गेले. पाय शहाण्यासारखे चालत होते.

खाली पोचते तोच तुझा फोन; बातमी तिकडे माझ्याआधी पोचली होती. "आजी, पडलं का?"

"पडलं. मी 'झालं गं, झालं' म्हटलं आणि खाली आले."

"कोणाला म्हटलंस? घरात तर कोणी नाहीये."

त्याचं उत्तर इथे लिहिते. तुला म्हटलं, बाळा. आणि त्या पत्र्याच्या शेडमधल्या आठ वर्षांच्या मुलीला.

खोऱ्यातलं घर केव्हाच गेलं. सरोजिनी नगरचं क्वार्टर पाडून तिथे टॉवर उभे राहिले. द्वारकेचा फ्लॅट विकून मी कॅनडाला यावं, असं मंदार म्हणतो. पत्ते बदलतात, त्याचं मला फारसं काही वाटत नाही. भांडं पडल्यावर जिथे कुणाचा तरी हात पाठीवर येतो, तिथे माझं घर. तो हात कधी बाबांचा होता, कधी बीजींचा.

म्हणून, ओवी, बाटलीवरचा ग्लास काढू नकोस. काउन्सेलरकडे जा, आणि अक्काबद्दलही तिला सांग. ग्लास पडला, किंवा न पडताच तुला जाग आली, तर आधी मोठ्यानं म्हण, "झालं गं, झालं." मराठीतच म्हण, निहार हसला तरी. आणि मग मला फोन कर. तुम्ही इतक्या लांब गेलात याचं मला अजून वाईट वाटतं, पण त्यात एक सोय आहे. तुझ्याकडे मध्यरात्र असते तेव्हा इथे लख्ख ऊन पडलेलं असतं, आणि मी जागीच असते.