विकत न घेतलेला रविवार

आमच्या वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी मला फसवलं. एकदा नाही, सलग वर्षभर, दर रविवारी सकाळी, आणि तेही नाताळच्या नावाखाली. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय, असं मी आजवर छाती ठोकून सांगत आलो. बदलापूरजवळच्या सोनिवलीहून एक पत्र्याची पेटी घेऊन निघालेला माणूस मी. स्टेशनबाहेर फुगे विकले, राख्या विकल्या, आणि आज उल्हासनगरात माझं स्वतःचं गिफ्ट आर्टिकलचं दुकान आहे. तिथले सिंधी होलसेलवाले मला लांबून येताना बघून चहा सांगायच्या ऐवजी डोकेदुखीची गोळी मागवतात. एक शेठ तर हात जोडून म्हणाले होते, "साईं, माल फुकट ले जा, पर बहस मत कर." अशा मला एका रिटायर्ड गणिताच्या मास्तरांनी गंडवावं, ज्यांना कोथिंबिरीच्या जुडीचाही भाव करता येत नाही!

मास्तर मूळचे नगरकडचे ख्रिस्ती, पण सगळी नोकरी अंबरनाथच्या शाळेत झालेली. त्यांची पत्नी नर्स होती, त्यामुळे अख्खी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणायची. मी इथे अंबरनाथला फ्लॅट घेतला त्याच्या आदल्या वर्षी त्या गेल्या. मास्तरांचा नियम असा, की नाताळात भेट द्यायची ती विकत आणायची नाही. दुसऱ्या कोणी हा नियम केला असता, तर कंजूष म्हणून मी त्याला माफ केलं असतं. पण डिसेंबर हा माझा सीझन! माझ्या दुकानात प्लास्टिकची झाडं, लाल टोप्या, चमचमणाऱ्या चांदण्या छतापर्यंत लागलेल्या, आणि माझ्याच डोक्यावर राहणारा बिल्डिंगमधला एकुलता एक ख्रिस्ती माणूस बांबूच्या कामट्या तासून, त्यांच्यावर जुन्या उत्तरपत्रिका चिकटवून घरीच चांदणी करायचा. आत दिवा लावला की लाल शाईतले ‘चूक’, ‘पुन्हा सोडवा’ असे शेरे थेट माझ्या गॅलरीवर उजळायचे. येशूच्या गव्हाणीतली मेंढरं कापसाची, आणि त्यांचे पाय खडूचे. एकदा मी म्हटलं, "मास्तर, माझ्याकडे अख्खा सेट आहे, मेंढरं, मेंढपाळ, सगळे. तुम्हाला घरच्या भावात देतो." ते म्हणाले, "नको हो. खडूच्या पायांची मेंढरं कुठे पळून जात नाहीत."

भेटी मात्र ते सगळ्यांना द्यायचे. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला त्यांनी एका नाताळात भूमितीची प्रमेयं भेट दिली, म्हणजे परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी तासभर शिकवलं. वॉचमनला एक दुपारची झोप दिली, आणि तो झोपला असताना स्वतः फाटकाशी खुर्ची टाकून बसले. येणाऱ्या प्रत्येकाकडून त्यांनी वहीत पूर्ण नाव लिहून घेतलं, त्यात सोसायटीच्या चेअरमनचंही. माझ्या बायकोला त्यांनी तेलाची बुधली घेऊन आमच्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना करकर थांबेपर्यंत तेल घालून दिलं. ती इतकी हरखली, की मी लग्नात दिलेल्या बांगड्यांनाही एवढी हरखली नव्हती. मला अर्थातच राग आला. राग आला की मी भेटवस्तू देतो; धंद्याची सवय. दुकानातलं सगळ्यात भारी भिंतीवरचं घड्याळ चकचकीत कागदात गुंडाळून मी वर गेलो.

"हे विकतचं आहे," मास्तर म्हणाले.

"विकतचं कुठे? माझ्याच दुकानातलं आहे!"

"दुकानात कुठून आलं?"

"होलसेलने उचललं."

"म्हणजे घेतलंतच की."

मी खाली आलो आणि बायकोने केलेल्या करंज्यांचा डबा घेऊन पुन्हा वर गेलो. मास्तरांनी एक करंजी खाल्ली, मान डोलावली आणि म्हणाले, "ही वहिनींची भेट झाली. तुमची कुठे आहे?" माझा पारा चढला. मी म्हणालो, "मास्तर, मला विकत घ्यायला आणि विकायला येतं. तिसरं काही मला येत नाही. लोक म्हणतात, मी भांडतो बरा." मास्तर एकदम ताठ बसले. "भाव करता ना तुम्ही? मग तेच द्या. वर्षभर रविवारी सकाळी माझ्याबरोबर भाजी बाजारात चला." मी तिथल्या तिथे घासाघीस सुरू केली. म्हटलं, वर्ष फार होतं, तीन महिने ठेवू. ते वर्षावरून हलले नाहीत. भाव न करता येणाऱ्या माणसाने माझ्याबरोबर केलेला हा एकच सौदा, आणि त्यात मी एक रविवारही कमी करून घेऊ शकलो नाही.

पुढचं वर्षभर मी माझी कला उधळली. दोन शेंगा हातात घेऊन निराशेने मान हलवायची, तीन पावलं जायचं, चौथ्याला बोलावणं येतंच. शेवग्यावरून मी एकदा असा तापलो, की शेजारचा कांदेवाला आपलं गिऱ्हाईक सोडून बघायला आला. एक भाजीवाली मावशी माझी खास प्रतिस्पर्धी. "दादा, तू भाजी घ्यायला येतो का माजा जीव घ्यायला?" असं ती ओरडायची आणि मग भाव खाली यायचा. मास्तर माझ्या मागे कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरून उभे असायचे, डोळे अर्धे मिटलेले, गाण्याच्या मैफलीला बसल्यासारखे. मला वाटायचं, माझी तारीफच चालली आहे मनातल्या मनात. दुकानातल्या माणसांना मी सांगायचो, अरे, कदर करणारा माणूस लागतो.

मग वर्ष सरत आलं असताना एका रविवारी मी चष्मा मावशीच्या टोपलीवर विसरलो. मास्तर मागे रेंगाळले होते, त्यांची ती नेहमीची सवय. चपलेचा अंगठा तुटतोय म्हणायचे. मी परत गेलो, तर मास्तर मावशीच्या हातावर पैसे ठेवत होते. मी भांडून कमी केलेले, पैन् पै.

"हे काय चाललंय?" मी ओरडलो.

मास्तर चपलेचा अंगठा बघायला वाकले. मावशीच बोलली, "काय झालं त्यात? तू भांडून जातोस, गुरुजी मागून येतात. सिस्टरच्या टायमापासून हाय हे."

"म्हणजे वर्षभर मी..."

"आनि तुला बरं वाटावं म्हनून मी आदीच भाव वाढवून सांगते, दादा. नायतर तू भांडशील कशावर?"

भर बाजारात माझी काय अवस्था झाली, ते सांगत नाही. घरापर्यंत मी मास्तरांना नको नको ते बोललो. आयुष्यात पहिल्यांदा विकत न घेतलेली वस्तू दिली होती मी कोणाला तरी, आणि ती त्यांच्या उपयोगाचीच नव्हती! जिन्यात ते थांबले. पिशवी खाली ठेवली. "ती भाव करायची," ते म्हणाले. "अगदी तुमच्यासारखी, तीन पावलं जाऊन. मी मागे पिशवी धरून उभा. ती गेल्यावर दोन वर्षं मी बाजारात जायचो, सांगतील ते द्यायचो आणि यायचो. कोणी भांडतच नव्हतं हो."

माझा राग अडखळला, पण मी तो सहजासहजी सोडणाऱ्यातला नाही. विचारलं, "आणि सिस्टरना ठाऊक होतं? तुम्ही मागून पैसे देत होता ते?"

"तिला सगळं ठाऊक असायचं. ती पुढच्या कोपऱ्यावर जाऊन उभी राहायची, मी येईपर्यंत. मागे मात्र कधी बघायची नाही."

पुढच्या रविवारी मी मावशीशी आणखी जोरात भांडलो, आणि पुढच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. मागे बघितलं नाही. माझ्यासारख्याला हे किती अवघड गेलं असेल, हे धंद्यातल्या माणसालाच कळेल.

यंदा मास्तरांना त्यांची मुलगी पुण्याला घेऊन गेली. जाताना त्यांनी ती उत्तरपत्रिकांची चांदणी माझ्या गॅलरीत बांधून दिली. दुकानात छतापर्यंत चांदण्या आहेत आणि घरी माझ्यावर रोज संध्याकाळी ‘पुन्हा सोडवा’ उजळतं. रविवारी मी एकटाच बाजारात जातो. भांडतो, भाव पाडतो, सवयीने कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो. बराच वेळ उभा राहतो. मागून कोणी येत नाही. मग मलाच परत जाऊन, जेवढे कमी केले तेवढे पैसे मावशीच्या हातावर ठेवावे लागतात. मी! ज्याला बघून उल्हासनगरचे शेठ गोळी मागवतात, तो मी! मावशी हसून विचारते, "गुरुजी कदी येनार?"

तर मास्तर, हे तुम्हीच सांगा. पुण्यात मुलीकडे बसून करंज्या खाऊन हे प्रकरण मिटणार नाही. एका चांगल्या चाललेल्या व्यापाऱ्याचं तुम्ही जे करून ठेवलंत, त्याचा जाब तुम्हाला द्यावा लागेल, आणि पत्राने किंवा फोनवर दिलेला चालणार नाही. नाताळानंतरच्या रविवारी सकाळी पिशवी घेऊन या. मी कोपऱ्यावर उभा असेन. मागे बघणार नाही.