मी विझवलेला वणवा

आता ऐकाच, पण हसायचं नाही. माझं डोकं अजून तापलेलं आहे!

आम्ही राहतो विचुंब्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये आणि बारा महिने भटकतो नेऱ्याच्या पुढच्या गावांत. पावसाळ्यात धबधबा, थंडीत पारूमावशीच्या शेतावर मडक्यात भाजलेली पोपटी, उन्हाळ्यात करवंदं. त्यामुळे गावाकडचं आपल्याला सगळं कळतं, असं माझं ठाम मत होतं.

तर एप्रिलमधला रविवार. करवंदं शोधत मावशीच्या शेताशी पोचलो आणि बघतो तर काय, कोपऱ्यातल्या तुकड्यातून धूर! माझं टाळकंच सरकलं. हे पिकनिकवाले! सिगारेटी ओढायच्या, थोटकं फेकायची आणि गरिबाचं शेत पेटवायचं!

नशीब बघा, बांधावर पाण्याचे दोन हंडे भरलेलेच होते. कोणी ठेवले, कशाला ठेवले? विचार करायला वेळ कुणाला होता! दोन्ही ओतले. तेवढ्यात डोक्यावर तिसरा हंडा घेऊन मावशी स्वतःच आली.

"मावशी, अगदी वेळेवर आलात!" म्हणत मी तोही उतरवला आणि ओतला.

मी उरलेले निखारे बुटांनी तुडवले, फोटो काढला आणि बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला. 'शेतं जाळणारे विकृत मोकाट फिरतायत. दिसला की फोटो काढून इथे टाका. मी सोडणार नाही!' धडाधड अंगठे आले.

"झाला तुमचा?" मावशीने विचारलं.

"अहो, आभार कसले मानता!"

"आभार? राब हाय तो! शेण, पाला, दोन महिनं डोक्यावरनं आनलाय मी. जमीन भाजल्याबिगर भाताचा रोप कसा येल? पावसाला दिस किती ऱ्हायलं?"

आता तुम्हीच सांगा, हे मला कोणी आधी सांगायला नको? मावशीलाही सुनावलं, "पोपटी खाताना वालाच्या शेंगांवर तासभर ऐकवलंत, राबाबद्दल चकार शब्द नाही! निदान एक पाटी तरी लावायची!"

"पाटी?" मावशी म्हणाली. "पाटी हाय ना. रविवारी या, तीच घ्या डोक्यावर."

जावं लागलं. तिची पोपटी खाल्लेली, नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? दिवसभर शेण उचललं, पाला वाहिला, वर माती पसरली. कंबरेचे टाके ढिले झाले. पुढच्या रविवारी सगळं वाळल्यावर मावशीने काडेपेटी माझ्याच हातात दिली. राब असा झकास पेटला म्हणता! आनंदाने मी दोन्ही हात वर करून नाचलोच.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बिल्डिंगचा ग्रुप. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णीकाका सहकुटुंब करवंदं शोधायला आले होते. त्यांनी लांबूनच फोटो काढून टाकला होता. धूर, काडेपेटी आणि नाचणारा मी.

खाली लिहिलं होतं, 'सापडला!'

माझ्या पोस्टपेक्षा जास्त अंगठे. त्यातला पहिला आमच्या हिचा.