हौदाचं बूच

उत्तनच्या डोंगरावर बकऱ्या चारणारी म्हणून मला सगळी वाडी ओळखते, आणि माझी जीभ तर शेजारच्या पाली गावापर्यंत पोचलेली आहे. म्हणून थोरल्या दिरांनी वाडीच्या बैठकीत माझ्याकडे बोट दाखवलं, तेव्हा लोक आधी माझ्या तोंडाकडे बघायला लागले.

"तुज्या बकऱ्यांनी डोंगर खाल्ला गो! उतारावर काडी न्हाय राहिली," दीर म्हणाले.

खोटं नव्हतं ते. जनावरांच्या पाण्यासाठी बांधलेल्या सिमेंटच्या हौदाभोवतीचा उतार पार उघडा पडला होता, पावसात तिथली माती रस्त्यावर यायची. बैठकीत ठरलं, यंदाच्या पावसात तिथे गवत आलं नाही तर नाताळनंतर मी बकऱ्या विकायच्या. लग्नात आईने दिलेल्या दोन शेळ्यांची ती सगळी पिलावळ. त्या विकायच्या म्हणजे माहेर विकायचं. मी घरी येऊन भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी डोंगर ओलांडून पलीकडे गेले. तिथे कुणाचंच जनावर जात नव्हतं, तेव्हा तिथे तरी रान माजलं असेल असं वाटलं होतं. कसलं काय! न खाल्लेलं गवत उभंच्या उभं वाळलेलं, त्याखाली नवं गुदमरलेलं, आणि अर्धंअधिक कुणाच्या तरी विडीने जळून काळं झालेलं. इकडे जनावर जागचं हलत नव्हतं म्हणून माळ उजाड, तिकडे फिरकत नव्हतं म्हणून उजाड. मग डोक्यात प्रकाश पडला. हौद झाल्यापासून वाडीतली झाडून सगळी जनावरं, दिरांच्या म्हशीसुद्धा, दिवसभर पाण्यापाशीच उभी असायची. कोंब वर आला की ओरबाडला जायचा, मुळं मरायची, माती खुरांखाली दगड व्हायची. माझी आई एका जागी सलग दोन दिवस कळप थांबू देत नसे.

मी जाऊन हौदाचं बूच काढलं आणि सगळं पाणी सोडून दिलं. वाडीत बोंब झाली. ती ऐकून घ्यायला मला वेळ नव्हता.

नवरा भाईंदर पश्चिमेला रिक्षा चालवतो. धंद्याला जाण्याआधी तो पाण्याचे कॅन मागच्या सीटवर घालून कच्च्या रस्त्याने वर आणायला लागला. "पॅसेंजर विचारतात, भैया, सीट गीली क्यूं है," असं कुरकुरायचा, पण एक दिवस चुकला नाही. अर्धी कापलेली प्लास्टिकची पिंपं आम्ही दर दोन दिवसांनी डोंगरावर नव्या जागी मांडायचो. सगळ्यांची जनावरं आपसूक पाण्यामागे हलायची.

उघड्या उतारावर मी लेंड्या पसरल्या, पलीकडचं जळण्यातून वाचलेलं गवत अंथरलं आणि पावसाच्या तोंडावर कळप एकदाच त्यावरून तुडवत नेला. नंतर पावसाळाभर तिथे कुणालाही फिरकू दिलं नाही. एकदा दिरांची म्हैस शिरली, तेव्हा मी अशा शिव्या घातल्या की दीर धावत आले.

"म्हशीला बोलतेस का मला?"

"ज्याला लागेल त्याला, दादा."

गवत आलं. आधी विरळ, मग गुडघ्याएवढं. मला अभिमान वाटला, तो लपवायचा कशाला? नवऱ्याला तर मी रोज वर नेऊन दाखवायचे.

वाडीतला येशूजन्माचा गोठा दरवर्षी दीरच उभारतात आणि त्यासाठी गवत बाजारातून आणतात. या डिसेंबरात ते विळा घेऊन उतारावर आले. बराच वेळ इकडे तिकडे बघून म्हणाले, "घेऊ का गो चार पेंढ्या?"

"घ्या. पण मुळं राहू द्या, दादा."

त्यांनी नीट, वरच्यावर कापलं, आणि कापताना एका जागी फार वेळ थांबले नाहीत.

नाताळला पालीचे पाहुणे गोठा बघायला आले. एवढं पिवळंधमक गवत कुठून आणलं, असं त्यांनी दिरांना विचारलं. मी शेजारीच उभी होते, जीभ तयार ठेवून.

"आपल्या डोंगरावरचं हाय," दीर म्हणाले, आणि सगळ्यांदेखत माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्या बकऱ्यांनी राखलेलं."

मी पाहुण्यांना लगेच उतार दाखवायला वर नेलं. नाताळनंतर बकऱ्या विकायचा विषय काढायला बैठक कुणी बोलावलीच नाही.