प्रयाग आणि अमेरिकेचा चेअरमन

प्रयाग भाकरी थापायला बसली की अमेरिकेच्या अध्यक्षाला रागवायची. समोर टीव्हीवर सकाळच्या बातम्या लागलेल्या असायच्या. त्यात तो गडी हात हलवत बोलायला लागला की हिचा परातीतला हात थांबायचा. "बस की खाली, मुडद्या. कालच बोललास की एवढं." मग भाकरी तव्यावर टाकायची आणि वरून पाण्याचा हात फिरवत मला सांगायची, "आवं, ह्याला घरात कुणी इचारत न्हाई वाटतं. सारखा बाहीर बोलतोय."

अध्यक्ष हा शब्द तिच्या तोंडी कधी बसला नाही. ती त्याला 'अमेरिकेचा चेअरमन' म्हणायची. माझी बायको ऊसतोडीला माझ्याबरोबर फिरली तेवढे सोडले, तर परळीच्या वैजनाथापलीकडे गेली नाही. विमान तिने पाहिले ते शेतात उभे राहून, कपाळावर हात धरून. तरी तिचे आणि त्या चेअरमनचे वैर खरे होते. आमची दोन्ही पोरं त्याच्या राज्यात होती, आणि त्याच्यापायी एकमेकांचे तोंड बघत नव्हती. डोळे मिटायच्या आत दोघं बोलती झाली पाहिजेत, एवढेच तिला हवे होते. दुसरे काही तिने मागितलेले मला आठवत नाही. लुगडे घे म्हटले तरी म्हणायची, "हाय की एक."

चेअरमन ही काय चीज असते हे तिने गावातच बघितले होते. मागे एकदा आमच्या सोसायटीची निवडणूक लागली. एका पॅनलची निशाणी कपबशी, दुसऱ्याची छत्री. पाऊस त्या सालीही नव्हता. प्रयाग म्हणाली, "पाऊस न्हाई आन् छत्री. चहाला दूध न्हाई आन् कपबशी. दोघं मिळून आपली थट्टा करायलेत." मी चिडलो, कारण मी कपबशीचा होतो. साधासुधा नाही, झोपतानाही खिशाचा बिल्ला न काढणारा. माझा चुलतभाऊ नामदेव छत्रीचा. आमच्या दोन घरांत एकच भिंत. कपबशी निवडून आली, आमचा माणूस चेअरमन झाला, आणि तीन वर्षे मी त्या भिंतीपलीकडे एक शब्द जाऊ दिला नाही. प्रयागलाही बजावले, नामदेवच्या बायकोशी बोलायचे नाही. ती "बरं" म्हणाली. ती एवढ्या लवकर बरं म्हणाली, तिथेच मी सावध व्हायला पाहिजे होते.

तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरी खडखडीत झाल्या आणि सोसायटीने माळावर जनावरांची छावणी उघडली. चारा तिथे, टँकरचे पाणी तिथे, म्हणून माणसेही तिथेच मुक्कामाला. चेअरमनने पहिल्याच दिवशी वाटणी केली. कपबशीवाल्यांची दावण पाण्याच्या हौदाजवळ, वर हिरवी जाळी. छत्रीवाल्यांची दावण पार टोकाला, नाल्याच्या कडेला, उन्हात. आमचे दोन बैल सावलीत आणि नामदेवची गाभण गाय उन्हात जीभ काढून उभी. मी बैलांकडे बघून मिशीवर हात फिरवायचो. आता लिहिताना लाज वाटते, पण फिरवायचो.

एके दिवशी मी चारा आणायला चेअरमनच्या जीपमागे गेलो होतो. परत येऊन बघतो तर आमचा एक बैल गायब आणि त्याच्या खुंट्याला नामदेवची गाय रवंथ करीत बसलेली. आमचा बैल नामदेवच्या दावणीला. प्रयागने भर दुपारी दोन्ही कासरे सोडून अदलाबदल केली होती. तिचे बघून दुसऱ्या बायकांनी सोडले, त्यांचे बघून तिसऱ्यांनी. दिवस कलला तेव्हा छावणीत कुणाचे जनावर कुठे, हे फक्त जनावरांनाच माहीत होते.

चेअरमन जीपमधून उतरला आणि लालेलाल झाला. मी त्याच्या मागेच उभा.

"वहिनी, हे कुणी केलं?"

"कुणी न्हाई. ऊन लागलं, आली सावलीला."

"आन् स्वतःच खुंट्याला बांधून घेतलं?"

"तुमच्या छावणीत लई शिस्त हाय, भाऊसाहेब. जनावरंबी शिकली."

बाया पदरात तोंड घालून हसल्या. चेअरमन गाईकडे बोट करून ओरडला, "ही छत्रीवाल्याची गाय हाय."

प्रयाग गाईच्या मागे जाऊन उभी राहिली. "शेपटी उचलून बघा बरं. कुठं छत्रीचा छाप हाय का?"

चेअरमनने शेपटी उचलली नाही. तो जीपमध्ये बसून निघून गेला. मी मात्र रागारागाने आमचा बैल सोडवून आणायला नाल्याकडे गेलो. तिथे नामदेव. बादलीने आमच्या बैलाला पाणी पाजत होता. त्याने माझ्याकडे बघितले नाही, बैलाकडेच बघत बोलला, "चारा टाकला, तोंड लावीना. कावून रं?"

तीन वर्षांनी माझ्या कानावर पडलेला हा त्याचा पहिला शब्द. मी म्हणालो, "कडबा बारीक तोडून टाक. दाढेला लागतंय त्याच्या." बैल तिथेच राहिला.

पुढच्या निवडणुकीला आमचा चेअरमन आणि छत्रीचा पुढारी एकाच जीपमधून आले. दोघांच्या गळ्यात एकाच दुकानातले हार. बिनविरोध. प्रयागने मला सांगितले, "आता तो खिशातला बिल्ला चुलीत टाका. पत्र्याचा हाय, जळायचा न्हाई, पण टाका."

पोरे शिकली ती तिच्या हट्टाने. ऊसतोडीला मुकादम नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता असे मोजतो. मी तोडायचो, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरायची. पोरे पाचटाच्या कोपीत झोपलेली. मोठा संजू काम्प्युटर शिकून अमेरिकेत गेला, तिथला नागरिक झाला. त्याने धाकट्या बाळूला ओढून नेले. दोघांची घरे गाडीने अर्ध्या तासावर. गावात आम्ही मान ताठ करून फिरायचो. म्हणजे मी फिरायचो. प्रयाग विचारायची, "तिकडं टँकर येतो का?"

भांडण कळले ते चटणीमुळे. तालुक्याच्या गावचा एक मुलगा तिकडे निघाला होता, त्याच्याजवळ तिने कारळाच्या चटणीच्या दोन बरण्या दिल्या. दोन्ही संजूच्या घरी पोचायच्या आणि एक त्याने बाळूला द्यायची. महिनाभराने बाळूचा फोन आला.

"चटणी संपली का रं?"

"कसली चटणी, माय?"

तिने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "पोरं बोलत न्हाईत." मी म्हणालो, विसरला असेल. "चटणी इसरंल, भाऊ कसा इसरंल?"

संजूला फोनवर खोदून विचारल्यावर त्याने सांगितले. दिवाळीच्या फराळाला बसले असताना बाळू म्हणाला, हा अध्यक्ष आपल्यासारख्यांना हाकलायला बसलाय. त्याचे राहण्याचे कागद अडकून पडले होते. संजू म्हणाला, नियमाने आलेल्याला काय भीती, चार गोष्टी तो बरोबरही बोलतो. बाळू म्हणाला, तुझे कागद झाले, म्हणून तू दार लावून घेतलंस. संजू म्हणाला, ह्या दारातून तुला आत कुणी आणलं? झाले. करंजी ताटात ठेवून बाळू उठून गेला.

"माय, तुला न्हाई कळायचं," संजू फोनवर म्हणाला. "हितं लई पेटलंय. लोकं घरापुढं पाट्या लावत्यात, ह्याची न्हाईतर त्याची. माझे दोन शेजारी वीस वर्षांचे दोस्त, आता एकमेकाकडं बघत न्हाईत. हाफिसात जेवताना कुणी तोंड उघडत न्हाई. सगळे कटाळलेत, पर थांबत कुणी न्हाई."

"मला न्हाई कळायचं?" प्रयाग म्हणाली. "तुझ्या बापाच्या खिशाला कपबशी होती, बाबा. त्या चेअरमनला तुझं नाव तरी ठाव हाय का?"

तेव्हापासून तिचे सकाळचे रागावणे सुरू झाले. पण कोण बरोबर हे तिने कधी सांगितले नाही. मी एकदा विचारले, तर म्हणाली, "ते मी का ठरवू? मी काय सोसायटी हाय?"

त्याच साली तिच्या छातीचे दुखणे वाढले. बीडच्या डॉक्टरने मला बाजूला घेऊन सांगितले. घरी येताना बसमध्ये तिनेच मला सांगितले, जे डॉक्टरने तिच्यापासून लपवायला सांगितले होते. मग म्हणाली, "नामदेवभावजींचा फोन रविवारी मागून आणा."

रविवारी सकाळी तिने आमच्या फोनवर संजूला लावले आणि नामदेवच्या फोनवर बाळूला. दोघांची तोंडे दिसायला लागल्यावर दोन्ही फोन दोन तांब्यांना टेकवून समोरासमोर ठेवले, एका गव्हाणीला दोन बैल उभे करावेत तसे. फोन एकमेकांना बघून कुईं करून ओरडले. दोघे भाऊ दचकले.

"बसा रं जरा. दूध उतू चाललंय, आले," म्हणून ती बाहेर आली आणि मलाही दंडाला धरून ओढत आणले. म्हैस विकून आम्हाला चार वर्षे झाली होती.

आम्ही पायरीवर बसलो. आत चिडीचूप. थोड्या वेळाने दोन्ही फोन बंद. मी म्हणालो, "झालं तुझं?" ती म्हणाली, "बैल पहिल्या दिवशी चारा खात न्हाई."

दुसऱ्या रविवारीही तसेच. तिसऱ्या रविवारी संजूला खोकल्याची उबळ आली, थांबेचना. मग बाळूचा आवाज आला. "वाफ घेतलीस का?"

"घेतली."

"मीठ टाकून?"

"न्हाई."

"मीठ टाकून घे."

मग बाळूच बोलला. "माझी चटणी खाल्लीस ना?"

"न्हाई. बरणीवर तुझं नाव टाकून ठेवलीय."

मग हळूहळू आवाज चढले, चेअरमन आला, कागद आले, दार आले. मी उठायला लागलो. प्रयागने मला खाली बसवले. तिचा चेहरा असा खुलला होता की जणू आत कीर्तन चालले आहे. "भांडू द्या," म्हणाली. "भांडायलेत म्हंजी बोलायलेत."

ती उन्हाळ्यात गेली. सकाळी पीठ मळून ठेवले होते, भाकरी थापली नव्हती. टीव्ही चालूच होता. अग्नी मी दिला. संजू दोन दिवसांनी पोचला. बाळू येऊ शकला नाही. कागद अडकलेले, बाहेर पडला तर परत आत घेतील याची खात्री नाही. त्या दूरच्या चेअरमनचा हात आमच्या उंबऱ्याच्या आत आला तो असा.

दहाव्याला गोदावरीवर संजूने डोके केले आणि एका हातात फोन धरून बसला, बाळूला दिसावे म्हणून. नामदेव म्हणाला, आण इकडे, मी धरतो. संजूने दिला नाही. हात भरून आला तेव्हा हात बदलला, फोन सोडला नाही. फोनात बघतो तर बाळूचेही डोके भादरलेले.

"कुणी केलं?" संजूने विचारले.

"मीच. दाढीच्या मशीननं."

"मागं दोन पट्टे राहिलेत."

"मला कसे दिसतील?"

"थांब. आलो की नीट करतो."

मुकादम एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतो. मी आता तेवढाच. भाकरी मला गोल येत नाही. तरी संजू तिकडे परत गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी नामदेवचा फोन मागून आणला, दोन तांबे घासले. दोन्ही फोन मांडून ठेवले आणि आधी संजूला लावला. फोनात दोन डोकी. दोन्हींवर सारखेच खुंट उगवलेले. मध्ये चटणीची बरणी, उघडी.

"आबा, आज एकच फोन ठेवा," बाळू म्हणाला. "मी हितंच हाय. सोमवारी दोघं वकिलाकडं जायलोत कागदाचं बघाया."

"तरी हा त्याचंच चांगलं बोलतोय, आबा," बाळू पुढे म्हणाला, आणि संजू लगेच, "चांगलं न्हाई म्हणलो, चार गोष्टी म्हणलो," आणि चेअरमन पुन्हा मधे येऊन बसला. मग दोघांनी एकदमच मला विचारले, "तुमी सांगा, आबा. कुणाचं बरोबर?"

मी परातीपुढे बसलो होतो, तिच्या जागेवर, हात पिठाचे. म्हणालो, "शेपटी उचलून बघा. कुठं छाप हाय का."

दोघे हसले. हसता हसता संजू उठून गेला आणि बराच वेळ आला नाही. बाळू बरणीत बघत बसला. मी सवयीने म्हणालो, "दूध उतू चाललंय, आलो," आणि पायरीवर जाऊन बसलो.

नंतर नामदेवचा फोन परत द्यायला गेलो. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. पुढच्या रविवारी लागंल."

"न्हाई लागायचा."

"कावून? मिटलं का पोरांचं?"

"न्हाई," मी म्हणालो. "एकाच फोनात भांडायलेत."