दिलेली लेक

आमच्या मजल्यावर जिन्याच्या टोकाला जी एकच खोली आहे, तिथे बाइंडरबाई राहतात. एकट्या. त्यांचं खरं नाव पत्रांवर असेल, पण पत्रं त्यांना येत नाहीत, त्यामुळे ते कुणाला माहीत नाही. पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात त्या अगदी तरुण असल्यापासून कामाला आहेत. छापून आलेल्या मोठ्या कागदांना घड्या घालायच्या, घड्या ओळीने लावायच्या, सुईदोऱ्याने शिवायच्या, पाठीला खळ फासून दाबाखाली ठेवायच्या. बोटांच्या पेरांवर कागदाने कापल्याच्या बारीक बारीक रेघा, आणि अंगाला कायम त्या खळीचा आंबूस वास. संध्याकाळी त्या जिना चढून गेल्या की तो वास थोडा वेळ मागे रेंगाळतो. आमचे हे म्हणतात, "तुझी पुस्तकवाली आली बघ."

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकामुळे. रोज उघडून उघडून त्याचा पार पाला झाला होता. मी भीत भीत त्यांच्याकडे नेलं. म्हटलं, "पानं मागेपुढे लागली तर देव रागवायचा हो."

त्या म्हणाल्या, "देवाला पाठ असतं, वहिनी. गोंधळ व्हायचा तो तुमचाच."

त्यानंतर आमचं बोलणं सुरू झालं. बोलणं म्हणजे मी बोलायचं आणि त्यांनी सुईत दोरा ओवत ऐकायचं. स्वतःबद्दल त्यांनी पहिल्यांदा काही सांगितलं, तेही मला नाही. सुट्टीच्या दिवशी गच्चीवर आम्ही कपडे वाळत घालत होतो. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई होत्या, त्या आता निवृत्त झाल्यात पण प्रश्न विचारायच्या काही थांबलेल्या नाहीत. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची बायको होती, तिला आम्ही घड्याळीण म्हणतो. आणि मी.

"मुलंबाळं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"एक मुलगी आहे," बाइंडरबाई म्हणाल्या.

"असते कुठे?"

बाईंनी ओला टॉवेल झटकला. म्हणाल्या, "दिली."

"अगं बाई! एवढ्यात दिलीसुद्धा? तुमच्याकडे बघून वाटत नाही हो. केवढी होती?"

"लहानच होती."

"हेच चुकतं आपल्या बायकांचं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "जरा शिकू तरी द्यायची पोरीला! घर कसं आहे?"

"चांगलं आहे म्हणतात."

"म्हणतात म्हणजे? तुम्ही बघितलं नाही?"

"नाही."

घड्याळीण माझ्याकडे बघून डोळे मोठे करून राहिली. घर न बघता मुलगी दिली! खाली उतरताना जिन्यातच तिने ठरवूनही टाकलं, की नक्की नवऱ्याकडच्यांनी परस्पर जमवलं असणार, बिचारीला कुणी विचारलंही नसणार. बाइंडरबाई विधवा असाव्यात हेही त्याच जिन्यात ठरलं.

तेव्हापासून त्या लेकीची चौकशी हा आमच्या मजल्याचा नेमच झाला. "लेक काय म्हणते?" "बरी असेल." "जावई स्वभावाने कसे?" "चांगले असावेत." "माहेरी येत नाही वाटतं?" "लांब आहे." बाइंडरबाई एवढंच बोलायच्या, पण बोलायच्या. कधी कधी तर हसायच्याही. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. मी मात्र रोज देवासमोर बसले की माझी दोन मुलं, नणंदेचं कुटुंब यांच्या पाठोपाठ म्हणायची, "बाइंडरबाईंच्या लेकीला सासरी सुखात ठेव." ते सासर शोधता शोधता देव किती दमला असेल, त्याचं त्यालाच ठाऊक.

मागच्या वर्षी बाई कारखान्याच्या पायरीवरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून, हात गळ्यात अडकवून त्या घरी आल्या, तेव्हा पहिल्यांदाच आम्ही सगळ्या त्यांच्या खोलीत गेलो. एक कॉट, एक स्टोव्ह, खिडकीला पुठ्ठ्याची झडप आणि भिंतीला टेकून कारखान्यातून नाकारलेल्या पुस्तकांची चळत. कुणाची पानं उलटी, कुणाचं कव्हर वाकडं. खुर्ची एकच. दुसरी कधी लागलीच नसावी.

आम्ही डब्याच्या पाळ्या लावल्या. तिसऱ्या की चौथ्या दुपारी आम्ही तिघीही तिथे होतो. बाई डाव्या हाताने जेवत होत्या आणि निम्मं अन्न ताटाबाहेर सांडत होतं. घड्याळीण ते बघत होती. एकदम म्हणाली, "कमाल आहे हं त्या पोरीची! आईचा हात मोडला तरी फिरकली नाही."

"तिला माहीत नसेल," मी म्हटलं.

"मग कळवा ना!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "बाई, नंबर द्या मला. मी बोलते तिच्याशी. जन्मभर पोरींना सरळ केलंय मी."

"नको," बाई म्हणाल्या.

"नको काय? तुम्ही असं पाठीशी घालता म्हणूनच त्या शेफारतात. जिने वाढवली तिला विसरून जायचं म्हणजे काय? एवढी कसली माणुसकी सोडलेली..."

"मी वाढवली नाही."

"बरं, जन्म तर दिलात? कृतघ्न म्हणतात याला! सरळ कृतघ्न."

बाईंनी हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं रडतील. पण त्या उठून उभ्या राहिल्या, प्लास्टरचा हात तसाच छातीशी धरलेला, आणि शाळेतल्या मुलीने धडा म्हणावा तसं एका दमात म्हणाल्या, "मास्तरीणबाई, तिला काही बोलू नका. तिला मी माहीतच नाही. मी तिला लग्नात दिली नाही. पाळण्यातली दिली, दुसऱ्यांना, त्यांची म्हणून. माझं लग्न झालंच नव्हतं. मी जिचं नावसुद्धा ठेवलं नाही, तिला तुम्ही नावं ठेवू नका."

"म्हणजे..." घड्याळीण म्हणाली, "जावई नाहीतच?"

मास्तरीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "डबा सकाळी घेऊन जाईन," एवढं म्हणून त्या गेल्या. घड्याळीण त्यांच्या मागून. मी राहिले, कारण भांडी पडली होती आणि बाईंना एका हाताने घासता येणार नव्हती. मी भांडी घासत होते आणि माझ्या पाठीमागे कॉटवर बसून त्या सांगत होत्या. माझं तोंड त्यांच्याकडे असतं तर त्या बोलल्या नसत्या असं मला वाटतं.

आईवडील लवकर गेले होते. थोरला भाऊ आणि वहिनी, त्यांच्याकडे त्या राहायच्या. कारखान्याच्या शेजारी छापखाना होता, तिथल्या मशीनवर एक जण होता. कागदांचे गठ्ठे पोचवायला यायचा. हसवायचा खूप, एवढंच त्या त्याच्याबद्दल म्हणाल्या. दुसऱ्या गावी नवीन मशीनवर काम मिळालं म्हणून गेला, बस्तान बसलं की न्यायला येतो म्हणाला. तो आला नाही. पाळी चुकलेली वहिनीच्या आधी लक्षात आली, त्यांच्या स्वतःच्या नंतर.

भाऊ ओरडला नाही, मारलं नाही. त्याने बोलणं बंद केलं. जेवताना ताट सरकवायचा तेही भिंतीकडे बघत. वहिनीच एक दिवस त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाच्या संस्थेत घेऊन गेली. तिथे बाळंतपण व्हायचं, बाळ ठेवायचं नसेल तर त्याला घर शोधून द्यायचे. तिथल्या मोठ्या बाई कडक होत्या. पण प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी विचारायच्या, "तुला ठेवायची आहे का? ठेवायची असेल तर तसं बघू. काम बघू, खोली बघू."

"मग?" मी न राहवून विचारलं.

"मग काय. रोज विचार केला. दोन्ही हात कामात, ती कुठे असणार? कागदांच्या ढिगावर? संध्याकाळी कुणाच्या दारात जाणार तिला घेऊन? मी 'नाही' म्हटलं. मीच म्हटलं, वहिनी. कुणी हिसकावून नेली असती तर रडायला सोपं गेलं असतं."

घरी परत नेताना त्यांची वहिनी रस्त्यात म्हणाली, टाकलीस ते बरं केलंस. त्यांनी ते संस्थेच्या बाईंना पुढच्या भेटीत सांगितलं. त्या इतक्या चिडल्या की हातातली पेन्सिल टेबलावर आपटली. "टाकली म्हणायचं नाही. उकिरड्यावर ठेवतात त्याला टाकणं म्हणतात. तू दिलीस. कुणीही विचारलं तर दिली म्हणायचं." तेव्हापासून त्या दिली म्हणतात. गच्चीवर मास्तरीणबाईंनी विचारलं तेव्हाही तेच म्हणाल्या. आम्ही त्याचा अर्थ आमच्या सवयीने लावला आणि त्यांनी तो दुरुस्त केला नाही.

बाळंतपणानंतर लगेच कामावर जावं लागलं. घड्या घालताना अंगावर दूध यायचं. एकदा ब्लाउजमधून झिरपून समोरच्या छापील कागदावर थेंब पडले, शाई पसरली. मालक ओरडला, "कागदावर पाणी कुणी सांडलं?" त्या म्हणाल्या, "मी." पाणी तर पाणीच असू दिलं. शेजारी बसणाऱ्या म्हाताऱ्या बाईने काही न विचारता आपली जुनी ओढणी त्यांच्या मांडीवर टाकली, छातीशी बांधायला. त्या बाईला कळलं होतं.

मन बदललं तर बाळ परत न्यायला संस्थेने काही मुदत दिली होती. ती संपायच्या आधी त्या पुन्हा एकदा गेल्या. फाटकासमोरच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या. आत अंगणात दोरीवर लंगोट वाळत होते, ओळीने, सगळे सारखे. त्यातला तिचा कुठला ते कळेना. शेवटी आत जाऊन मोठ्या बाईंना म्हणाल्या, "नुसती विचारायला आले. दूध पिते का?"

"पिते," त्या म्हणाल्या. "बघायची आहे?"

"नको," म्हणून या परत फिरल्या. "बघितली असती तर आणली असती," मला म्हणाल्या. "आणि आणली असती तर तिचे हाल झाले असते. ते मला तेव्हाही कळत होतं आणि आताही कळतं. पण कळतं म्हणून काही..."

नंतर संस्थेकडून एवढंच कळलं की घर मिळालं, चांगलं आहे. भावाचं घर त्यांनी सोडलं, ही खोली घेतली.

मी विचारलं, "नाव का नाही ठेवलंत? मनातल्या मनात तरी?"

"त्यांचं त्यांनी ठेवावं म्हणून."

"मग आठवण आली की काय म्हणता?"

"काय म्हणणार? नुसतं 'अगं' म्हणते."

मी नळ बंद केला. हात पुसले. त्यांच्याजवळ बसायला खुर्ची होती, पण मी कॉटवरच बसले. माझ्याकडे प्रत्येक प्रसंगाला एखादी प्रार्थना असते, त्या दिवशी नव्हती. मी त्यांच्या प्लास्टरवर हात ठेवला आणि तो त्यांना जाणवणारच नाही हे माझ्या लक्षात आलं, म्हणून उचलून खांद्यावर ठेवला.

डब्याच्या पाळ्या शेवटपर्यंत चालल्या. हे मी मुद्दाम लिहिते, कारण माझ्या शेजारणी वाईट नाहीत. मास्तरीणबाईंचा डबा तर आणखी भरून यायला लागला. पण त्या तो दारातून द्यायच्या. "कसा आहे हात?" "बरा आहे." "काळजी घ्या." बस. गच्चीवर बाई आल्या की बोलणं दुसरीकडे वळायचं. महागाई, बंद पडलेली लिफ्ट, पाणी. आपापल्या मुलांबद्दल बोलायचं म्हटलं तर जिभेला ब्रेक लागायचा. घड्याळिणीला नातवंड झालं तेव्हा तिने मजल्यावर सगळ्यांना सांगितलं, बाइंडरबाईंचं दार तेवढं वगळून. मी टोकलं तर म्हणाली, "त्यांना वाईट वाटेल म्हणून हो." खरंच त्याच कारणासाठी वगळलं होतं.

प्लास्टर निघालं. बाई कामावर जायला लागल्या. मनगट अजून पुरतं वळत नाही, शिवणं जमत नाही म्हणून त्यांना घड्या घालायला बसवलंय, जिथून त्यांनी सुरुवात केली होती तिथे. एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. मनाशी ठरवूनच गेले होते. म्हटलं, इतरांनी सोडलं असेल, आपण सोडायचं नाही. बसल्या बसल्या विचारलं, "लेक आता केवढी झाली असेल हो? नोकरी करत असेल, नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "तुम्ही नका विचारू, वहिनी," त्या म्हणाल्या. "त्या विचारायच्या तेव्हा मला उत्तर देता यायचं. बरी असेल म्हणायचं, लांब आहे म्हणायचं. तेवढा वेळ ती कुठेतरी आहे असं वाटायचं, सासरी म्हणा, कुठेही म्हणा. तुम्हाला खरं माहीत आहे. तुम्हाला मी काय उत्तर देऊ?"

आमच्या मध्ये कॉटवर कागदांचा गठ्ठा होता. त्या डाव्या हाताच्या आधाराने उजव्या हाताने घड्या घालत होत्या, मनगटाला सवय व्हावी म्हणून. घडी घालायची, नखाने दाबायची, बाजूला ठेवायची.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "गच्चीवर तिच्याबद्दल आता काही बोलतात का?"

"नाही."

"कृतघ्न वगैरे?"

"नाही हो. कुणी काहीच बोलत नाही."

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि पुढचा कागद घेतला.