मिस्त्रीने न घेतलेला गिलास

वरठीच्या मिस्त्रीने मला फसवलं. माझा कॅम्पर, म्हणजे जीपमागे ओढायची फिरती खोली, पावसाळाभर उभा असतो. जंगल सफारी सुरू होण्याआधी त्याची पाण्याची टाकी आणि पाइप हाच धुतो. मी कितीही भाव पाडला तरी हा "हौ जी" म्हणतो, आणि तिथेच मला शंका येते. पाइपला कान लावतो, पान्ह्याने दोनदा ठोकतो, मान डोलावतो.

"टाकी एकदम साफ हाये, भाऊ."

मी त्याच नळाचा गिलास भरून पुढे केला.

"मले तहान नाही जी."

मग फाटकाशी जाऊन त्याने स्वतःची बाटली घटाघटा रिकामी केली. उद्या पाहुण्यांची लेकरं हेच पाणी पिणार. मिस्त्री, सांग, तू काहून नाही प्यायला?