खंडेनवमीची काडतुसं

आमच्या घरी बंदूक आहे असं कळलं की मी शिकवते त्या शाळेतल्या बाया माझ्याकडे जरा बिचकूनच बघतात. बंदूक सासऱ्यांची. घोडेगावच्या पलीकडे आमचं शेत, चहूबाजूंनी ऊस आणि उसात बिबट्या. त्याला मारायची परवानगी नाही, पण गोठ्याशी आला तर हवेत बार काढून हुसकावता येतो, एवढ्यासाठी त्यांनी ती दुनळी जिवापाड जपलेली. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, या घरात दोन सुना आहेत आणि थोरली ती आहे.

निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. परत आली की मामा ती घरातच तपासायचे. आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामा म्हणतात. रिकाम्या बंदुकीचा चाप ओढला तर आतली सुई तुटायची भीती, म्हणून त्यांच्या एका निवृत्त फौजी दोस्तानं त्यांना दोन खोटी काडतुसं करून दिली होती. वापरलेल्या काडतुसात दारूऐवजी लाकडाची खुंटी आणि बुडाला, जिथं सुईचा ठोका बसतो, तिथं रबराची चकती. बाकी दिसायला खऱ्यासारखीच. घोटाळा नको म्हणून मामांनी त्या चकतीवर माझी नेलपॉलिश फासली. लाल ठिपका तो खोटा, कोरं पितळ ते खरं, असा घरचा कायदा ठरला. बाटली मात्र मला परत मिळाली नाही.

या तपासणीवरून माझं नि त्यांचं वाजायचं. म्हणजे मनातल्या मनात, कारण सासऱ्यांशी उघड वाजवायची आमच्यात पद्धत नाही. खोटं काडतूस घातलं की नळी कुठं रोखलीय याकडे ते बघायचेच नाहीत. कधी कपाटाकडे, कधी दाराकडे. नवऱ्याकडे तक्रार केली तर तो म्हणायचा, त्यांना शिकवणारे आपण कोण.

त्या वर्षी बंदूक ऐन नवरात्रात परत आली. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. विळे, कोयते, ट्रॅक्टरचे पाने, नवऱ्याचा लॅपटॉप, सगळं पाटावर मांडतात. मामांनी बंदूक ठेवली आणि शेजारी डब्यातली सगळी काडतुसं उभी केली, बूड वर करून. सासूबाईंनी एकेकाला हळदकुंकू लावलं. पाण्यात कालवलेलं ओलं कुंकू, आणि कपाळाला लावावं तसं बरोबर मधोमध. 

दसऱ्याच्या सकाळी पूजा हलवली. मामांनी बंदूक उचलली, पाटावरची दोन काडतुसं घेतली आणि तपासणीसाठी मधल्या खोलीत गेले. जाताना मला म्हणाले की बाकीची पुसून डब्यात ठेव. सासूबाई मागच्या पडवीत चुलीवर पुरणपोळ्या करत होत्या. पडवी आणि मधली खोली यांच्यात नुसता पत्रा आहे.

मी ओलं फडकं घेऊन बसले. पहिल्या काडतुसाचं कुंकू निघालं, खाली पितळ. दुसऱ्याचंही निघालं. पुढच्याचं काही निघेना. वाटलं, वाळून घट्ट बसलंय. नख लावलं तर पापुद्रा सुटला. ते कुंकू नव्हतं. शेजारचं उचललं, घासलं, तेही तसंच. घरातली दोन्ही खोटी काडतुसं माझ्या हातात होती.

मधल्या खोलीतून बंदूक मिटल्याचा खट् आवाज आला.

उंबऱ्यापर्यंत मी कशी पोचले ते मला आठवत नाही. मामा माझ्याकडे पाठ करून उभे होते. दस्ता खांद्याला, बोट चापावर, नळी पत्र्याकडे. पत्र्याच्या पलीकडे पोळपाटावर लाटणं फिरत होतं, बांगड्या वाजत होत्या. ओरडावं तर ते दचकणार, आणि दचकलेल्या माणसाची बोटं आधी आवळतात. जाऊन हात धरावा तर मध्ये अख्खी खोली. वर्गभर पोरांना एका हाकेत गप्प करणारी मी, पण इथं हाकच चालणार नव्हती.

शेवटी, निजलेल्या लेकराला उठवावं तेवढ्या हळू म्हणाले, “मामा, खोटी काडतुसं माझ्या हातात हायेत.”

ते हलले नाहीत. त्यांना ऐकू गेलं की नाही तेच मला कळेना. पलीकडे लाटणं थांबलं, तव्यावर पोळी पडली, लाटणं पुन्हा फिरायला लागलं. मग त्यांचं बोट चापावरून सावकाश सुटलं. त्यांनी नळी खाली केली आणि बंदूक उघडली.

काडतुसं मी काढली आणि पदरानं पुसली. दोन्हींचं बूड लख्ख पितळेचं. भीती ओसरली आणि मला असा राग आला की सांगता सोय नाही. नेलपॉलिश चकाकते, कुंकू चकाकत नाही. धड डोळ्यांच्या माणसाला हे हातात घेताच कळलं असतं, आणि मी ते तसंच, पत्र्यापलीकडे जाणार नाही एवढ्या दबक्या आवाजात पण दात खाऊन, बोलून दाखवलं. सासऱ्यांना उलटून बोलायची माझी ती पहिलीच वेळ. वर हेही सुनावलं की आता सासूबाईंना सगळं सांगणार, त्यांच्या कुंकवापासून.

मामा खाटेवर बसले.  ते त्या पत्र्याकडे बघत राहिले.

“कुंकवाचं तिला सांगू नको,” ते म्हणाले. “आपल्या हातनं झालं आसं वाटलं तर ती जन्मात करंड्याला हात लावायची न्हाई. माझं डोळं गेल्यात म्हनून सांग. वरीस झालं, मला धड दिसत न्हाई.”

बंदूक काढून घेतील या धास्तीनं त्यांनी हे पोटच्या पोरालाही कळू दिलं नव्हतं.

माझा राग जागीच निवला. मी पडवीत गेले आणि सासूबाईंना तेवढंच सांगितलं, की मामांना नीट दिसत नाही. त्यांनी पोळी उलटली.

“दिसत न्हाई तर बंदूक कशाला घ्यायची हातात?”

मामा माझ्या मागोमाग येऊन दारात उभे होते. “आता न्हाई घेनार,” ते म्हणाले.

सासूबाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग गरम पोळीवर तूप सोडलं, त्यांना खाली बसवून ताट त्यांच्यापुढं ठेवलं, आणि त्यांचा हात धरून पोळीवर नेऊन ठेवला.